नुख्तर म्हणजे उपाशीपोटी: आरोग्याची माहिती कुणापर्यंत पोचते, कुणापर्यंत नाही

 

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. गेली वीस वर्षं आयटीत आहे, मध्ये एमबीए केलं, आणि सध्या कंपन्यांना त्यांच्या सिस्टिम कशा बांधाव्यात याचा सल्ला देते. त्यामुळे आज औषधं सांगणार नाही. आज बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. या देशात आरोग्याची उत्तम माहिती इंटरनेटवर फुकट आहे. तरी ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्या हाती ती पडत नाही. का पडत नाही, आणि त्यात माझ्यासारख्यांचा हात किती, हे बघू.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. नेदरलँड्सला येऊन काही महिनेच झाले होते. रक्त तपासायला सांगितलं होतं आणि कागदावर लिहिलं होतं, 'नुख्तर' या. कॉम्प्युटरवर शब्द घातला, इंग्रजीत उत्तर आलं 'सोबर'. म्हणजे दारू न पिता. मला हसूच आलं. सकाळी साडेसातला दारू पिऊन रक्त द्यायला कोण जातं? पोटभर पोहे खाल्ले, चहा घेतला आणि गेले. सुई टोचण्याआधी बाईंनी विचारलं, काही खाल्लंत का? झालं, परत पाठवलं. डचमध्ये 'नुख्तर'चे दोन अर्थ आहेत: दारू न प्यालेला, आणि उपाशीपोटी. भाषांतर चुकीचं नव्हतं, फक्त दुसऱ्या अर्थाचं होतं. माझा एक सकाळचा वेळ गेला, एवढंच. पण तीच चूक औषधाच्या चिठ्ठीत झाली तर?

ही काल्पनिक भीती नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणारी वस्ती मोठी, त्यामुळे तिथल्या औषधांच्या दुकानांत कॉम्प्युटर स्पॅनिश लेबलं छापून देतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात काही डॉक्टरांनी अशी लेबलं तपासली. २०१० साली 'पिडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. निम्म्या लेबलांत चुका होत्या, कित्येक अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश. आता बघा, इंग्रजीत 'वन्स', म्हणजे एकदा, ज्या अक्षरांनी लिहितात, तीच अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचतात आणि त्याचा अर्थ होतो अकरा. दिवसातून एकदा घ्यायचं औषध, आणि तो एक शब्द भाषांतर न होता तसाच राहिला, तर वाचणारा काय समजेल?

आता आपल्या देशाकडे, म्हणजे या देशाकडे येऊ. इथे आजारी पडलं की आधी हाउसआर्ट्स, आपल्याकडे पूर्वी फॅमिली डॉक्टर असायचे तसे. थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. फोन केला की असिस्टंट प्रश्न विचारते आणि ठरवते, आज यायचं, उद्या यायचं की घरीच थांबून पॅरासिटामोल घ्यायचं. (पॅरासिटामोलवरचे विनोद आपल्या प्रत्येक गणेशोत्सवात होतात, ते इथे परत करत नाही.) आणि बऱ्याचदा ती सांगते, 'ताउसआर्ट्स' बघा.

ताउसआर्ट्स डॉट एनएल ही साइट हाउसआर्ट्स डॉक्टरांच्या शास्त्रीय संस्थेने, एनएचजीने, २०१२ मध्ये सुरू केली. जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. डॉक्टर ज्या मार्गदर्शक सूचना पाळतात, त्याच सोप्या डचमध्ये. ताप, कंबरदुखी, लघवीला जळजळ, लहान मुलांचा खोकला: काय करायचं, कधी फोन करायचा. ती सुरू झाल्यानंतर दोन वर्षांत हाउसआर्ट्सकडच्या सल्ल्यांचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलं, असा अभ्यास 'बीएमजे ओपन'मध्ये २०१६ साली आला. साइट उत्तम आहे, मी स्वतः वापरते. पण एमबीए शिकताना एक सवय लागली. टक्केवारी दिसली की विचारायचं, हे कोण लोक? घरी बसून वाचून ज्यांचं समाधान झालं, त्यांना डच वाचता येत होतं. ज्यांना येत नव्हतं, त्यांना काय मिळालं?

आणि ही संख्या थोडी नाही. इथल्या सरकारी हिशेब तपासणी संस्थेने २०१६ मध्ये आकडा दिला होता: १६ वर्षांवरच्या सुमारे २५ लाख लोकांना वाचणं, लिहिणं किंवा साधं गणित जड जातं. त्यात सगळे परदेशातून आलेले नाहीत. बरेच जण इथेच जन्मले, इथेच शाळेत गेले. आपण 'भाषेचा प्रश्न' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सिरियातून आलेली बाई येते. शेजारचा साठीतला डच प्लंबर येत नाही. तो चष्मा विसरलो म्हणून सांगतो आणि कागद बायकोकडे देतो.

मी शनिवारी हेगमधल्या एका वाचनालयात दोन तास स्वयंसेवक म्हणून बसते. लोक पत्रं, फोन, पासवर्ड घेऊन येतात. तिथे एक आजी आल्या होत्या, सुरीनामी हिंदुस्तानी, सत्तरीच्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८७३ साली कलकत्त्याहून 'लाला रूख' नावाचं जहाज करारावरचे मजूर घेऊन सुरीनामला गेलं, त्यानंतर आणखी कित्येक जहाजं गेली. सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ लोक इथे आले, आणि हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांची सरनामी भाषा आपल्या भोजपुरी-अवधीची मुलगी. मी हिंदीत बोलते, त्या सरनामीत, मध्ये डच, आणि कसंबसं जुळतं. 'आजी' हा शब्द मात्र दोघींचाही एकच.

आजींना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह. हातात एक पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की तुमची तपासणी राहिली आहे, अधिक माहिती पेशंट पोर्टलवर पाहा. आजी वर्षभर रक्त तपासायला गेल्याच नव्हत्या. का? नातवाने मागे विम्याचं पत्र वाचून दाखवलं होतं: ३८५ युरो तुम्हाला भरावे लागतील. आजी समजल्या, दर वेळी ३८५.

नातू सातवी-आठवीतला पोरगा. त्याने शब्द बरोबर वाचले होते. त्याला 'आयखन रिसिको' म्हणजे काय हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. तुमच्यापैकीही काहींना नक्की ठाऊक नसेल, म्हणून सांगते. १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षभरातल्या उपचारांचे पहिले ३८५ युरो स्वतः भरायचे, बाकीचे विमा भरतो. ३८५ ही कायद्याने ठरलेली वर्षाची रक्कम आहे, एका भेटीची नाही. (विम्याचा हप्ता कमी व्हावा म्हणून ती वाढवून घेण्याची मुभा आहे. वाढवली असेल तर ते तुम्हाला आठवतच असेल.) आणि हाउसआर्ट्सकडे जाणं या रकमेत धरतच नाहीत. दहा वेळा गेलात तरी शून्य. तिथल्या नर्सकडची मधुमेहाची नेहमीची तपासणीही धरत नाहीत. प्रयोगशाळेतली रक्ततपासणी आणि औषधं मात्र धरतात. ती रक्कम हप्त्यांनी भरायची सोय विमा कंपन्या देतात. कमी उत्पन्न असेल तर अनेक नगरपालिकांच्या सामूहिक विमा योजना असतात, त्यांतल्या काही ही रक्कमही उचलतात. आणि १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ताही नाही आणि आयखन रिसिकोही नाही.

ही सगळी माहिती इंटरनेटवर आहे. शोधली तर दोन मिनिटांत सापडते. आजींचं एक वर्ष त्या दोन मिनिटांमुळे गेलं.

आणि आता माझा हात. काही वर्षांपूर्वी मी एका पेशंट पोर्टलच्या कामावर होते. कुणाचं ते सांगत नाही. त्यात मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक बटण होतं आणि काही पानांची चित्रांची आवृत्ती होती. सहा महिन्यांनी मी वापराचे आकडे काढले. ते बटण जवळजवळ कुणीच दाबत नव्हतं. मी एक स्लाइड केली: खर्च इतका, वापर इतका, काढून टाकावं. दहा मिनिटांत मंजूर झालं. मला वाटलं, छान, पैसे वाचवले.

ते बटण लॉगिनच्या आत होतं. लॉगिनसाठी डिजीडी लागतं. डिजीडी काढायचं तर आधी डच फॉर्म, मग घरच्या पत्त्यावर पोस्टाने येणारं कोड असलेलं पत्र, ते मुदतीत घालायचं, मग अ‍ॅप किंवा एसएमएस. काही ठिकाणी ओळखपत्रातली चिप फोनने वाचायला सांगतात, आणि जुन्या फोनमध्ये ती सोय नसते. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीची सोय आम्ही चार वाचायच्या दरवाजांपलीकडे ठेवली होती. आत पोचले ते सगळे वाचता येणारे. त्यांनी ते बटण कशाला दाबावं? जो आत येऊच शकत नाही, तो आकड्यांत दिसत नाही, आणि आकड्यांत दिसत नाही म्हणून त्याच्यासाठी काही करायची गरज नाही असं आम्ही ठरवतो. मी हे सांगतेय कारण हा कार्यक्रम ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी माझ्याच धंद्यातले आहेत. तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी अशीच स्लाइड दाखवणार आहे.

बरं, वाचता येत नाही तर दुभाषी का नाही? एकेकाळी होता. डॉक्टरने फोन केला की दुभाषी मिळायचा, सरकार पैसे द्यायचं. १ जानेवारी २०१२ पासून ते अनुदान बंद झालं. भाषा शिकणं ही ज्याची त्याची जबाबदारी, असा त्यामागचा विचार. निर्वासितांच्या केंद्रांसारखे काही अपवाद राहिले. दुसरीकडे १९९५ पासूनचा कायदा सांगतो की डॉक्टरने पेशंटला समजेल अशा रीतीने माहिती दिली पाहिजे. या दोन्हींच्या मधल्या फटीत कोण उभं राहतं? घरातलं मूल. आईच्या अंगावरून जास्त जातंय हे दहा वर्षांच्या मुलाने परक्या माणसाला सांगायचं. आणि डॉक्टर जे सांगतील ते आईला. काही वाईट असलं तर तो ते सांगेल का? काही आई तरी मुलासमोर सगळं बोलतील का? गंमत म्हणजे ताउसआर्ट्स सुरू झालं तेही त्याच वर्षी. एकाच वर्षी एक दार उघडलं आणि एक बंद झालं, आणि दोन्हींमधून जाणारी माणसं वेगळी होती.

भाषांतर झालं तरी काम संपत नाही, कारण मजकूरच दुसऱ्याच माणसासाठी लिहिलेला असतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'हेलियस' नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. २०११ ते २०१५ या काळात त्यात सुमारे २५ हजार लोकांची नोंद झाली: डच, सुरीनामी, तुर्की, मोरोक्कन, घानाचे. सुरीनामींमध्ये भारतीय मुळाच्या लोकांचा गट वेगळा धरलेला आहे, कारण त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण डच लोकांपेक्षा बरंच जास्त दिसतं. हाउसआर्ट्सच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हिंदुस्तानी मुळाच्या माणसांची साखर वयाच्या ३५ पासून बघायला सांगितली आहे, इतरांसाठी ४५ पासून. आता दुकानातल्या पत्रकावरचं सर्वसाधारण वाक्य घ्या: चाळिशी ओलांडली, वजन जास्त असेल तर लक्ष ठेवा. ते कितीही सुंदर हिंदीत किंवा मराठीत आणलं तरी आपल्यासाठी ते उशिरा सांगणारं वाक्य आहे. जेवणाचंही तसंच. ब्राउन ब्रेडचे किती तुकडे हे लिहिलेलं असतं. आजी विचारतात, रोटी किती?

हे मी आजींना समजावत होते, तर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तोहार उमिर का बा?" मी म्हटलं, चव्वेचाळीस. "तपासलीस?" नव्हती तपासली. वाचनालयात बसून लोकांना सांगणारी मी, माझीच राहिली होती. पुढच्या आठवड्यात गेले, या वेळी खरोखर नुख्तर.

आता ज्यांचं काम चांगलं चाललंय त्यांच्याबद्दल. उत्रेख्तमध्ये 'फारोस' नावाची संस्था आहे, आरोग्यातली विषमता कमी करणं हाच तिचा विषय. त्यांची एक साधी पद्धत मला फार पटते. पत्रक किंवा साइट तयार झाली की ज्यांना वाचायला जड जातं अशाच लोकांसमोर ती ठेवायची आणि गप्प बसायचं. 'समजलं का?' असं विचारायचं नाही. तसं विचारलं की सगळे हो म्हणतात. आपणही म्हणतो. विचारायचं असं: 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही काय कराल?' ओझं ऐकणाऱ्यावर नाही, सांगणाऱ्यावर. डॉक्टरांनाही ते हीच पद्धत शिकवतात. हेगमधल्या त्या टेबलावर मी ती वापरते आणि दर शनिवारी निदान दोनदा कळतं की मी नीट सांगितलेलं नव्हतं.

चित्रांचा उपयोग किती होतो याचा एक नमुना देते. इथे लहान मुलांना तापावर पॅरासिटामोल बऱ्याचदा 'जेटपिल'च्या रूपात देतात, म्हणजे गुदद्वारातून घालायची गोळी. भारतातून नुकत्याच आलेल्या आईबापाला गोळी म्हटलं की तोंडच आठवतं. तीन ओळींचं भाषांतर वाचण्यापेक्षा एक चित्र पुरे. औषधांसाठी 'काइकस्लाउटर' नावाचे छोटे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ आहेत: औषधाच्या डब्यातल्या त्या घडी घातलेल्या लांबलचक कागदाऐवजी बघायचं आणि ऐकायचं. डचखेरीज काही इतर भाषांतही आहेत. तुमच्या औषधवाल्याकडे विचारा. डिजीडी, विमा असल्या गोष्टींसाठी 'स्टेफी' ही साइट आहे, त्यात एक मुलगी सावकाश सोप्या डचमध्ये समजावते. डच शिकणाऱ्यांनाही ती बरी.

आपल्या मराठीतही हा प्रश्न आहेच. डॉ. शाम अष्टेकर यांनी 'आरोग्यविद्या' ही साइट मराठीत उभी केली ती गावातला माणूस आणि आरोग्य कार्यकर्ता डोळ्यांसमोर ठेवून. त्याउलट काही ठिकाणी 'मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग' आणि 'उच्च रक्तदाब' असं वाचलं की माझी आई विचारते, हे कुठल्या भाषेत आहे? तिला लघवीला जळजळ कळते आणि बीपी कळतं.

तर, तुम्ही जर असल्या साइट बांधत असाल, तर एवढं करा. सोपा मजकूर, आवाज आणि चित्रं लॉगिनच्या बाहेर ठेवा. त्यात गुपित असं काहीच नाही. चाचणीला ऑफिसमधले सहकारी नकोत, वाचनालयातल्या टेबलावर या. आणि साध्या जुन्या फोनवर, कमी डेटात पान उघडतं का ते बघा. सरकारी साइटना सर्वांसाठी वापरण्याजोगं असण्याची सक्ती आहे, पण ती पाळली असा शिक्का असलेलं पानही समजायला अवघड असू शकतं.

आणि घरचे म्हणून: आई-बाबा उन्हाळ्यात येतात तेव्हा ताउसआर्ट्स फोनच्या भाषांतरातून जरूर वाचा, पण औषधाचं प्रमाण आणि तपासणीची तयारी या दोन गोष्टी माणसाला विचारून घ्या. इमर्जन्सीला ११२. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हाउसआर्ट्स बंद असेल तर हाउसआर्ट्सेनपोस्ट, तिथेही जाण्याआधी फोन करायचा. शेजारच्या कुणाला पासवर्ड देऊन काम करवून घेऊ नका. काही सरकारी कामांसाठी डिजीडीवरून दुसऱ्याला अधिकृतपणे नेमता येतं. ते कसं करायचं, डिजीडी कसं काढायचं, विम्याच्या हप्त्यासाठीची सरकारी मदत कशी मागायची, हे सगळं वाचनालयांतल्या 'डिजिटाले ओव्हरहाइड' माहिती केंद्रात फुकट सांगतात. २०१९ पासून ही केंद्रं देशभर सुरू झाली आहेत. अपॉइंटमेंट लागते की नाही हे तुमच्या वाचनालयात विचारा.

मुलांना दुभाषी म्हणून नेऊ नका, मोठ्या माणसाला न्या. कुणीच नसेल तर फोन करतानाच असिस्टंटला सांगा की मला डच नीट येत नाही, जरा जास्त वेळ द्या. दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट मागता येते. आजींच्या वतीने मी तशीच मागितली, आणि ती मिळाली.